ईसीएम बदलायची घाई नको, आधी कपलरच्या पिना बघा

चोपड्याच्या एका केळी वाहतूक करणाऱ्या भाऊंनी विचारलंय: बीएस-४ डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिन. माल भरून शिरपूरमार्गे बिजासनी घाट चढून इंदूरकडे जाते. उन्हाळा लागल्यापासून खराब रस्त्यावर किंवा घाटात चालती गाडी मझारमाच बंद पडस (मध्येच बंद पडते), चेक लाइट लागते, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. स्कॅनरवर पी ०३३५, पी ०१९३ आणि पी ०६४१ असे तीन कोड आले. एका मेकॅनिकनं ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, काढून स्प्रे मारला, आठवडाभर गाडी झकास चालली, मग पुन्हा तेच रडगाणं. आता तो म्हणतो, ईसीएम गेला, भंगारातून दुसरा आणून टाकू. टाकावा का?

नका टाकू भो. निदान आत्ता तरी नको.

तुमच्याच प्रश्नात उत्तराचा मोठा भाग आहे. कपलर काढून परत लावल्यावर गाडी आठवडाभर नीट चालली, ही त्यातली सगळ्यात किमती माहिती. ईसीएमच्या आतला एखादा पार्ट जळाला असता तर बाहेरून मारलेल्या स्प्रेनं तो बरा झाला नसता. कपलर निघाला आणि बसला, तेव्हा पिना एकमेकींवर घासल्या, वरची काजळी पुसली गेली, संपर्क ताजा झाला. काजळी पुन्हा धरली, की दुखणं परत. म्हणजे स्प्रेचा गुण कमी आणि काढघालीचा गुण जास्त. नुसता काढून लावला असता तरी बहुतेक तेवढेच दिवस मिळाले असते.

दुसरी गोष्ट त्या तीन कोडांची. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये गडबड. पी ०१९३ म्हणजे रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी) प्रेशर सेन्सरचा सिग्नल गरजेपेक्षा वर. पी ०६४१ म्हणजे सेन्सरांना ईसीएमकडून जो ठराविक ५ व्होल्टचा पुरवठा जातो, त्यात दोष. एकटा पी ०३३५ असता तर मी सरळ क्रँक सेन्सरवर बोट ठेवलं असतं, कारण गरम झाल्यावर मरणारा आणि थंड झाल्यावर जिवंत होणारा क्रँक सेन्सर ही जुनी ओळखीची बिमारी आहे. पण तीन वेगवेगळे सेन्सर आणि सर्किट एकाच खड्ड्यात एकाच क्षणी खराब होत नाहीत. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: या तिघांचं सामाईक काय आहे? सामाईक असतो ५ व्होल्टचा पुरवठा, सामाईक असतं सेन्सरांचं अर्थिंग, आणि सामाईक असतो इंजिनच्या बाजूचा तो कपलर, ज्यातून हे सगळं जातं. रेल प्रेशर सेन्सरचं अर्थिंग तुटलं की त्याचा सिग्नल खाली पडत नाही, उलट वर चढतो. पी ०१९३ नेमकं तेच सांगतोय.

आता एवढ्याशा काजळीनं गाडी बंद कशी पडते? हेडलाइटच्या कपलरला थोडी काजळी आली तर उजेड मंद होतो, बाकी काही नाही. ईसीएमचं काम वेगळं आहे. त्याच्या बऱ्याच सिग्नल-वायरींतून मिलिअँपिअरमध्ये करंट वाहतो आणि सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मधे खेळतो. समजा सेन्सर १८०० बारपर्यंत मोजणारा आहे. मग ४ व्होल्टमध्ये १८०० बार, म्हणजे एका व्होल्टला ४५० बार. पिनेच्या खराब संपर्कानं फक्त ०.१ व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी ईसीएमला ४५ बारचा फरक दिसतो. ईसीएम बिचारा त्या खोट्या आकड्यावर डिझेल मोजतो. फरक फारच वाढला किंवा क्रँकचा सिग्नल क्षणभर तुटला की तो इंजेक्टर बंद करतो. त्याचं काम तो बरोबर करतोय, खबर चुकीची मिळतेय.

काजळी येते कुठून, हेही सांगतो, कारण त्यावरच दुरुस्ती ठरते. या पिनांवर बहुतेक ठिकाणी कथिलाचा मुलामा असतो, काही महत्त्वाच्या पिनांवर सोन्याचा. इंजिनच्या थरथरीनं मेल (आत घुसणारी) आणि फिमेल (तिला धरणारी) पिन एकमेकींवर केसभर हलत राहतात. प्रत्येक हालचालीत कथिलाचा सूक्ष्म थर खरवडला जातो, हवेशी त्याचं ऑक्साइड बनतं, आणि ती काळी भुकटी दोन पिनांच्या मधे अडकून बसते. इंजिनिअर लोक याला फ्रेटिंग म्हणतात. यात पाणी लागत नाही, गंज लागत नाही, बाहेरून कपलर नवाकोरा दिसतो. तापमान वरखाली झालं तरी पिना प्रसरण-आकुंचनानं हलतातच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. दुपारी भट्टी, पहाटे गार, असं रोज. म्हणून उन्हाळ्यात ही केस गॅरेजमध्ये जास्त येते.

हिरवट-निळसर थर दिसला तर गोष्ट वेगळी. तो पाण्याचा आणि तांब्याच्या गंजाचा. त्याला बहुतेक वेळा आपली वॉशिंग सेंटरं जबाबदार असतात. गाडी काळ्या मातीनं माखली की मालक सांगतो, इंजिनपण धुऊन टाक. पोरगं प्रेशर गन घेऊन थेट ईसीएमच्या कपलरवर धार सोडतं. कपलरची रबरी सीलं पावसाचं, उडणारं पाणी अडवण्यासाठी असतात. हातभर अंतरावरून येणाऱ्या प्रेशरच्या धारेपुढे ती टिकतीलच असं नाही. त्याआधी डिझेल फवारून इंजिन चकचकीत करायची पद्धत तर आणखी वाईट. डिझेलनं कित्येक प्रकारचं रबर फुगतं आणि सैल पडतं. मग पुढच्या धुण्याला पाणी आत.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो. तुम्ही स्वतः करणार नसाल, पण समोर उभं राहून करवून घ्या.

कपलरला हात लावण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग. हे ऐकून मेकॅनिक नाक मुरडेल, पण ईसीएम गेला म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये ढिल्या अर्थिंगच्या गाड्या भरपूर असतात. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे वायरीच्या लगवर (क्लॅम्पवर) नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल प्रोब ईसीएमच्या अर्थ वायरीवर, कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक बॅकप्रोब (सुईसारखी प्रोब) घालून. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. ०.३, ०.५ दिसलं तर ईसीएम राहू द्या, आधी चासी आणि इंजिनमधली अर्थची पट्टी काढा, खालचा रंग आणि गंज खरवडा, नवीन बोल्टनं कसा. पॉझिटिव्हचंही असंच: बॅटरीच्या प्लसपासून ईसीएमच्या सप्लाय पिनेपर्यंत फार तर ०.२ व्होल्टच्या आसपास पडावेत. मेन रिलेचं सॉकेटही पिवळं-काळं पडलंय का ते याच वेळी बघून घ्या.

इथे बरेच जण ओहमवर मीटर लावून "वायर ओके" म्हणतात. वायरीतल्या वीसपैकी एकोणीस तारा तुटलेल्या असल्या आणि एकच उरली असली तरी मीटर जवळजवळ शून्य ओहमच दाखवेल, कारण मीटर त्यातून नावापुरता करंट सोडतो. सप्लाय आणि अर्थच्या वायरींसाठी खरी कसोटी बल्बची. कपलर ईसीएमपासून काढलेला असताना त्या वायरीतून २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब पेटवा. १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब भक्क पेटला तर वायर निरोगी, लालसर मिणमिणला तर दोष सापडला. मात्र ही कसोटी सेन्सरच्या आणि सिग्नलच्या वायरींवर करायची नाही, आणि कपलर ईसीएमला जोडलेला असताना तर अजिबात नाही.

नंतर हलवून बघायची पाळी. स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवा, रेल प्रेशर आणि ५ व्होल्ट रेफरन्स दोन्ही पडद्यावर. इंजिन निवांत चालू द्या. एकानं पडद्यावर डोळा ठेवायचा, दुसऱ्यानं हार्नेस (वायरींचा जुडगा) कपलरपासून सुरू करून विती-वितीनं हलवत जायचं. कपलरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. हेअर ड्रायरनं तापवा. आकडा उडाला, इंजिन अडखळलं, की जागा सापडली. हार्नेस जिथे ब्रॅकेटला किंवा बॅटरीच्या ट्रेला घासून जातो तिथे विशेष लक्ष द्या; कित्येकदा कपलर निर्दोष निघतो आणि चार इंच मागे वायरीचं कव्हर घासून तांबं उघडं पडलेलं असतं. उंदरांचंही आहेच. माल भरून रात्रभर शेताच्या कडेला किंवा जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडून जातो.

पी ०६४१ साठी आणखी एक सोपी चाचणी आहे आणि ती चुकवू नका. ५ व्होल्टची एक लाइन अनेक सेन्सरांना मिळून जाते. त्यातला एक सेन्सर गरम होऊन आत शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो, आणि दोष कपलरचाही नसतो, ईसीएमचाही नसतो. म्हणून लाइन पडलेली असताना सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले तर चोर तोच.

एवढं करून संशय ईसीएमच्या कपलरवरच आला, तर आता उघडा. इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबा, कारण चावी काढल्यावरही ईसीएम मेन रिले धरून थोडा वेळ जागा असतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. इंजेक्टरच्या वायरींवर इंजिन चालू असताना बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येतं, तेव्हा चालू गाडीत तिथे हात नको. कपलर सोडण्याआधी वरची धूळ ब्रशनं आणि हवेनं काढा, नाहीतर ती आत पडेल. बहुतेक कपलरला बोल्ट नाही तर लिव्हर असतो. लिव्हर पूर्ण उलटल्याशिवाय ओढू नका. प्लास्टिक उन्हानं कडक झालेलं असतं. लॉकचा कान तुटला की कपलर पुन्हा कधी घट्ट बसत नाही, आणि मग केबल टाय लावून भागवलेल्या गाड्या आपण रस्त्यावर बघतोच.

या वर्गाच्या गाड्यांत बहुधा दोन कपलर असतात, एक बॉडीच्या वायरिंगचा, एक इंजिनच्या वायरिंगचा, आणि मिळून दीडशेच्या आसपास पिना. सगळ्या तपासत बसायची गरज नाही. त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम काढा आणि तुमच्या तीन कोडांशी संबंध असलेल्या आठ-दहा पिनांवर खूण करा. रंगावरून अंदाज बांधू नका, एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा; डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत दिसतं.

ईसीएमच्या बाजूच्या मेल पिना सरळ रांगेत आहेत का, एखादी वाकलेली किंवा काळी आहे का, ते बघा. मग हार्नेसच्या बाजूला सगळ्या फिमेल पिना एका पातळीत आहेत का. एखादी मागे सरकलेली दिसली, तर अर्धं काम तिथेच झालं समजा. तिचं लॉक सुटलेलं असतं, कपलर लावला की मेल पिन तिला मागे ढकलते, खड्ड्यात संपर्क जातो. हे बऱ्याचदा आधीच्या कुणीतरी वायर ओढून तपासल्याचं फळ असतं.

आणि आता या सगळ्या उत्तरातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग: पकड. फिमेल पिनेच्या आत एक बारीक स्प्रिंग असते, ती मेल पिनेला दाबून धरते. कपड्यांचा चिमटा सैल झाल्यावर जसा कपडा वाऱ्यानं उडतो, तसं ही स्प्रिंग सैल झाली की स्वच्छ पिनसुद्धा खड्ड्यात संपर्क सोडते. स्प्रेनं काजळी जाईल, पकड येणार नाही. तुमची गाडी आठवड्यानं परत बंद पडली ती याच कारणानं, असा माझा दाट संशय आहे.

पकड तपासायची पद्धत साधी आहे. त्याच मापाची एक सुटी मेल पिन घ्या, तिला वायरीचा तुकडा लावा, आणि एकेका फिमेल पिनेत घालून हळूच ओढून बघा. चांगल्या पिनेत ओढताना स्पष्ट विरोध जाणवतो. सैल पिनेतून ती अलगद निघून येते. शेजारच्या चार पिनांशी ताडून बघितलं की बोटांनाच फरक कळतो. माप मात्र अचूक हवं. या कपलरांमध्ये ०.६४, १.५ आणि २.८ मिलिमीटरच्या पिना सर्रास असतात, ०.६४ च्या घरात मल्टीमीटरची जाड प्रोब, टाचणी किंवा सेफ्टी पिन घालणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्प्रिंग फाकवणं. गॅरेजमध्ये हे रोज चालतं. गाडी एका दोषासाठी येते आणि दोन दोष घेऊन जाते. तुमच्या समोर कुणी समोरच्या बाजूनं प्रोब खुपसायला लागला तर हात धरा.

सैल निघालेली पिन चिमट्यानं दाबून घट्ट करायचा मोह होतो. वाटेत अडकलात आणि घरी पोचायचं असेल तर करा, पण ती दुरुस्ती नाही. ताण गेलेली स्प्रिंग पुन्हा सैल होतेच. पिन बदलायची. कपलरच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, त्यावरून नवीन टर्मिनल (सुट्या पिना) मागवता येतात. मिळालं नाही तर भंगारातून ईसीएम आणण्यापेक्षा त्याच मॉडेलच्या गाडीचा कपलर वीतभर वायरींसकट कापून आणा. धुळ्यात, जळगावात असे तुकडे मिळून जातात. त्यातल्या न वापरलेल्या किंवा घट्ट पिना कामाला येतात. कथिलाच्या पिनेसमोर कथिलाची आणि सोन्याच्या पिनेसमोर सोन्याची, एवढं पाळा; दोन वेगळे धातू समोरासमोर आले की झीज आणि गंज दोन्ही लवकर.

पिन काढायला पिन एक्स्ट्रॅक्टर लागतो. आधी कपलरचं दुय्यम लॉक सोडवायचं, बहुधा ती वेगळ्या रंगाची सरकपट्टी असते. मग एक्स्ट्रॅक्टरनं पिनेचा काटा दाबून वायर मागून हळूच काढायची. ओढूनताणून काढली तर घराचं प्लास्टिक आतून तुटतं आणि नवीन पिन तिथे कधीच लॉक होत नाही. नवीन पिन बसवताना खटका ऐकू आला पाहिजे, आणि नंतर वायर हलकेच मागे ओढून खात्री करायची.

सोल्डर की क्रिंप, यावर आपल्याकडे न संपणारे वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: चालत्या गाडीच्या हार्नेसमध्ये क्रिंप, म्हणजे धातू दाबून वायरीवर आवळणं. कैयानं (सोल्डरनं) जोडलेल्या ठिकाणी कथिल वायरीच्या तारांमध्ये शोषलं जातं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीनं वायर तुटते. टर्मिनलच्या मागे दोन पंख असतात. पुढचा पंख तांब्याला धरतो, मागचा वायरीच्या कव्हरला. दोन्ही योग्य क्रिंपिंग प्लायरनं दाबायचे. साध्या पकडीनं चेचलेला क्रिंप दिसायला घट्ट दिसतो, ओढला की वायर हातात येते. जिथे वायर वायरीला जोडायची तिथे तांब्याची स्लीव क्रिंप करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव चढवा. सगळे जोड एकाच जागी नको, दोन-दोन इंच पुढेमागे ठेवा, नाहीतर गाठोडं होतं. एकेका वायरीवर जे छोटं रबरी सील असतं ते क्रिंप करायच्या आधी वायरीत ओवायला विसरू नका. रिकाम्या घरांची रबरी बुचंही जागेवर हवीत; एक बुच हरवलं तरी पाणी सगळ्या कपलरभर फिरतं.

वायरींच्या एका जोडीला खास जपा. एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन वायरी म्हणजे कॅन लाइन, गाडीतले कॉम्प्युटर आपसात बोलतात ती. जोड देताना पीळ शक्य तितका तसाच ठेवा आणि दोन्हींची लांबी सारखी राहू द्या. काम झाल्यावर बॅटरी काढलेली असतानाच ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या) ६ आणि १४ नंबर पिनांत ओहम मोजा. साधारण ६० आले पाहिजेत, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय.

वायर कापल्यावर आतलं तांबं नीट बघा. लखलखीत हवं. काळं-हिरवं निघालं तर अजून मागे कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. पाणी आणि तेल वायरीच्या कव्हरच्या आतून, तारांच्या फटींतून सरकत जातं. फुटक्या ऑइल प्रेशर स्विचचं तेल असं रांगत थेट ईसीएमच्या कपलरात पोचल्याचं दिसतं, तेव्हा मालकाला पटतच नाही. तुमच्या कपलरात तेलाचा ओलावा असेल तर उगम शोधल्याशिवाय पिना बदलू नका.

साफसफाईबद्दल थोडक्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर, मऊ नायलॉन ब्रश, आणि पूर्ण वाळू देणं. सँडपेपर नाही, ब्लेड नाही. मुलामा गेला की खालचं तांबं लवकर काळं पडतं. गंज सोडवायचा स्प्रे बोल्टसाठी असतो, तो इथे तेलकट थर सोडतो आणि त्यावर आपली काळ्या मातीची धूळ चिकटते. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस चालतं, पण सीलवर पातळ हात. कपलरात ग्रीस थापून भरणारेही असतात. त्यानं सील नीट बसत नाही आणि मधे हवा कोंडून कपलर पूर्ण आत जात नाही.

ईसीएमच्या बाजूचीच पिन तुटली किंवा खाल्ली गेली असेल तर ते काम रस्त्यावरच्या गॅरेजचं नाही. आत बोर्डावर संरक्षक थर किंवा जेल असतो, पेटी सीलबंद असते. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. बोर्डावरचा सोल्डर तडकला असेल तरीही लक्षणं तुमच्यासारखीच येतात, गरम झालं की बंद, ठोकलं की चालू, हेही खरं. पण ते ठरवायचं कधी? सप्लाय भार देऊन तपासलाय, अर्थ तपासलंय, सगळ्या पिनांची पकड ठीक आहे, ५ व्होल्टची वायर कुठे अर्थला लागलेली नाही, सगळे सेन्सर काढून ठेवलेत आणि तरीही ईसीएम ५ व्होल्ट देत नाही, तेव्हा. त्याआधी ईसीएमवर शिक्का मारणं म्हणजे तुमच्या पैशानं अंदाज खेळणं.

आणि भंगारातला ईसीएम आणलाच, तर तो नुसता खोचून गाडी चालेल असं नाही. पार्ट नंबर आणि आतलं सॉफ्टवेअर जुळावं लागतं, इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असेल तर चावी ओळखवावी लागते, इंजेक्टरांचे दुरुस्ती-कोड (प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा नंबर) ईसीएममध्ये लिहावे लागतात. ते न लिहिता चालवली तर धूर, ठोके आणि मायलेजची बोंब. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचा हिशेबही त्यातच असतो, तिथे हा उद्योग आणखी महागात पडतो. वर, जुना कपलर तसाच सैल असेल तर नवा ईसीएमही खड्ड्यात बंद पडणार.

काम झाल्यावर हार्नेसला मूळ क्लॅम्पमध्ये परत बसवा. कपलरच्या मागे वायरी ताणलेल्या नकोत, आणि कपलरकडे जाताना त्यांनी थोडा खाली झोळ घेतलेला बरा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळात थेंबून पडेल, कपलरात शिरणार नाही. कोड पुसा, आणि गाडी ज्या वेळी, ज्या रस्त्यावर, जेवढ्या मालानं बंद पडायची, तशीच चालवून बघा. सकाळी रिकाम्या गाडीची गावात एक चक्कर ही चाचणी नाही. दुपारी भरलेली न्या, स्कॅनर लावलेला राहू द्या.

पुढे एक पथ्य पाळा. कॅरेट ठेवायला बॉडीवर अँगल वेल्डिंग करून घेता तेव्हा आधी बॅटरी काढा आणि ईसीएमचे दोन्ही कपलरही सोडा. वेल्डिंगचा करंट परत जायला वाट शोधतो आणि ती ईसीएममधून गेली तर मग खरंच ईसीएम बदलावा लागेल. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथे काम चाललंय तिथेच जवळ लावायला सांगा. इंजिन धुणाऱ्याला ईसीएमकडे गन दाखवू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तरी पुरे.

हे होईपर्यंत माल भरून बिजासनी घाटात जाऊ नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा व्हॅक्यूम पंप थांबतो, दोन-तीन वेळा पॅडल दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड. उतारावर भरल्या गाडीला हे परवडत नाही. फेरी टाळता येत नसेल तर माल दुसऱ्या गाडीत द्या, आणि कपलर उघडल्यावर काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो आणि व्होल्टचे आकडे कळवा, म्हणजे कोणत्या पिनांची टर्मिनलं मागवायची ते सांगता येईल.